अष्टक बंद, आता सांगा! रासायनिक बंध मुलांना कळलाय का, हे मी कसं तपासते

सोडियम क्लोराइडची आकृती काढायला सांगितली की माझा अख्खा वर्ग ती बरोबर काढतो. सोडियमच्या कक्षांत २, ८, १ इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या कक्षांत २, ८, ७, मध्ये बाण, वर अधिक-उणे. तीन पैकी तीन. मग त्याच मुलाला विचारा, ‘मिठाच्या पाण्यात सोडियमच्या शेजारी कोण असतं?’ तो बिनदिक्कत सांगतो, ‘क्लोरीन. त्याचाच.’

हा ‘त्याचाच’ माझ्याच तोंडून वर्गात आला. मी वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याच्या मिठागरांपासून फार लांब नसलेल्या शाळेत विज्ञान शिकवते. बरीच वर्षं मी आयनिक बंध (अधिक आणि उणे प्रभाराच्या कणांमधली, म्हणजे आयनांमधली ओढ) म्हणजे लग्न, असं सांगायचे. एक देतो, एक घेतो, जोडी जमली. मुलं हसायची, लक्षात ठेवायची. एकदा विचारलं, मीठ विरघळल्यावर काय होतं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘बाई, तेंचा लगीन झाला, मगे सोडतलो कसो?’ तेव्हा कळलं की मी बंध शिकवलाच नव्हता, जोडपं शिकवलं होतं. मिठाच्या स्फटिकात एका सोडियमला सहा क्लोराइड शेजारी असतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. कोण कुणाचा, हा प्रश्नच तिथे नाही.

म्हणून पहिली तपासणी आकृतीची नाही, मांडणीची. मिठागरावरचं जाडं मीठ आणा. भिंगाखाली मुलांना चौकोनी खडे दिसू द्या. मग प्रत्येक गटाला उंडीच्या बिया आणि चिंचोके द्या. उंडी क्लोराइड, चिंचोका सोडियम, कारण क्लोराइड आयन सोडियम आयनापेक्षा मोठा असतो. सांगायचं एवढंच, ‘मिठाचा एक थर बाकावर मांडा.’ मदत करू नका, फिरत राहा. जो गट एक चिंचोका, एक उंडी, मग मोकळी जागा, पुन्हा एक चिंचोका, एक उंडी असं मांडतो, त्याच्या डोक्यात ‘सोडियम क्लोराइडचा रेणू’ आहे. जो बुद्धिबळाच्या पटासारखं मांडतो, त्याला विचारा, ‘या चिंचोक्याला शेजारी किती?’ चार म्हणेल. ‘आणि वर-खाली?’ इथे जो स्वतःहून सहापर्यंत पोहोचतो, त्याची आकृती मी तपासतसुद्धा नाही.

दुसरा नियम ऐकायला विचित्र वाटेल. त्या तासाला ‘अष्टक’ (अणूच्या बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) हा शब्द बंद. मुलांना कुठलाही ‘का’ विचारा, उत्तर ठरलेलं असतं: अष्टक पूर्ण करण्यासाठी. मीठ कठीण का? अष्टक. साखर गोड का? तेही अष्टक. मंगलाष्टकं लग्नात म्हणा, इथे नको, असं मी सांगते. शब्द काढून घेतला की काही मुलं एकदम गप्प होतात. ज्यांच्याकडे काही असतं ती अडखळत बोलू लागतात, ‘एकाला अधिक प्रभार, दुसऱ्याला उणे, म्हणून ओढतात...’ अकरावीला शिकवत असाल तर आकडेच पुढे ठेवा. एक मोल सोडियमच्या प्रत्येक अणूतला एकेक इलेक्ट्रॉन काढायला साधारण ४९६ किलोज्यूल लागतात आणि क्लोरीनने ते घेतल्यावर सुमारे ३४९ परत मिळतात. सोडियम ‘आनंदाने’ देतो म्हणणाऱ्याला हा तोटा कुठून भरून निघतो ते विचारा. स्फटिकात आयन एकमेकांजवळ येण्याचा मुद्दा त्याने काढला, तर समजलंय.

तिसरी तपासणी दिव्याची. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि दोन्ही टोकांना पेन्सिलची शिसं. कोरडं मीठ, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. विहिरीच्या पाण्यातच क्षार असतात, त्यामुळे साखरेच्या पाण्यातही दिवा मिणमिणतो आणि सगळा घोळ होतो. मिठाच्या पाण्यात शिसं जास्त वेळ ठेवू नका, क्लोरीन निघतो; विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर येतो तसा वास सुटतो. खिडकी उघडी हवी.

दिवा लावण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: पेटेल की नाही, आणि कित्याक? आमच्याकडे ‘का’पेक्षा ‘कित्याक’ला मुलं मोकळेपणी लिहितात. कारण नसलेली चिठ्ठी मी परत देते.

एका जुलैत माझी चांगलीच फजिती झाली. कोरड्या मिठात शिसं टेकवली आणि दिवा मंद पेटला. वर्ग ओरडला. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या पावसात बरणीत काही कोरडं राहत नाही. मी सारवासारव करणार होते, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मीठ ओला हा.’ तव्यावर भाजून आणलं, दिवा विझलेलाच राहिला. तेव्हापासून मी मुद्दाम आधी दमट मीठच वापरते आणि ‘असं का झालं?’ हे लिहायला लावते. यापेक्षा चांगला प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही.

चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा. उत्तर बरोबर, कारण बरोबर: बाजूला ठेवा. उत्तर चूक पण विचार धड: यांच्याशी दोन मिनिटं बोललं की पुरतं. खरा धोका तिसऱ्या गठ्ठ्यात असतो, उत्तर बरोबर आणि कारण चूक. ‘मीठ विरघळलं की इलेक्ट्रॉन मोकळे होतात म्हणून दिवा पेटतो.’ परीक्षेत याला पूर्ण गुण मिळाले असते. पाण्यातून आयन सरकतात, आणि कोरड्या मिठात आयन असतातच, फक्त जागचे हलत नाहीत, हे त्याला माहीत नाही. पुढचा तास या गठ्ठ्यासाठी ठेवा.

सहसंयुज बंधासाठी, म्हणजे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात त्या बंधासाठी, एकच प्रश्न पुरतो: पेज उकळते तेव्हा बुडबुड्यांत काय असतं? चित्र काढायला लावा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे काढणारे प्रत्येक वर्गात निघतात. त्यांना सांगू नका, विचारा, ‘मग चुलीवर काय झालं असतं?’ आणि झाकणाला पाणीच का लागतं? रेणूच्या आतला बंध आणि दोन रेणूंमधली ओढ यांत फरक आहे, हे तिथे त्यांचं त्यांना उमगतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा, पण पदार्थ बदलून. मी मोरचूद (कॉपर सल्फेट) घेते, कारण सुपारीवर फवारायला बोर्डो मिश्रण करताना ते घरोघरी पाहिलेलं असतं. प्रश्न: मोरचूद पाण्यात विरघळलं की सल्फेटमधले ऑक्सिजन सुटे होतील का? ज्याने नुसतं ‘आयनिक म्हणजे सुटतं’ एवढं पाठ केलंय, तो सगळंच सुटं करून टाकतो. ज्याला कळलंय तो सल्फेटभोवती एक गोल काढतो आणि तांब्याला त्याच्याबाहेर ठेवतो. गोल दिसला की मी पुढे विचारत नाही.

मोरचूद विषारी असतं, नंतर हात धुवायला लावा. उरलेलं पाणी लोखंडी बादलीत ओतू नका, बादलीवर तांबं चढतं. मुलांनी ते पाहिलं की तास संपेपर्यंत दुसरं काही शिकवता येत नाही.