नवरा-बायको मिळून रशियन शिकताय? मग मराठीचं बोट सोडू नका

ख्रिस्ती सेवेसाठी रशियन बोलणाऱ्या देशात निघालेल्या आपल्याकडच्या जोडप्यांसाठी लिहायले. आम्ही दोघं जालन्याचे, सध्या किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमधे राहतो. इथं किर्गिझ ही राज्यभाषा आणि रशियन अधिकृत भाषा, त्यामुळं बाजारात, दवाखान्यात, बसमधे दोन्ही कानावर पडतात.

भाषेच्या आधी कागद बघा. किर्गिझस्तानात बाहेरच्या माणसाला नोंदणीशिवाय मिशनरी काम करता येत नाही आणि रशियात २०१६ च्या कायद्यानंतर तर घरात बसून परक्या माणसाला विश्वासाबद्दल सांगायलाही बंधनं आलीत. नियम बदलत राहतात, म्हणून तिथल्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. तुमच्या चुकीचा भार त्यांच्यावर येतो.

आता अक्षरं. एकूण ३३ आहेत, आठ-दहा दिवसात होतात, घाबरायचं काम नाही. फक्त इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरं आधी पक्की करा, म्हणजे पी दिसतो तो र असतो, एच दिसतो तो न, सी म्हणजे स, बी म्हणजे व. हाताची लिखावट मात्र वेगळीच असते, तिच्यात त हा इंग्रजी एमसारखा दिसतो, डॉक्टरची चिठ्ठी वाचायला मला फार दिवस लागले. आणि एक भारी गोष्ट, आपल्या "चोर" मधला च आणि "चार" मधला च वेगळा आहे ना, रशियनमधे या दोन्हीला दोन वेगळी अक्षरं आहेत. हिंदी-इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक घोटावा लागतो, आपल्या तोंडात तो लहानपणापासूनच आहे.

आणि माझं सगळं सांगणं इथंच येतं. रशियन इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. आम्ही पहिले चार महिने इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो आणि रडकुंडीला आलो, वाटायचं या भाषेत सहा विभक्त्या आहेत, तीन लिंगं आहेत, हे माणसाला जमणारच कसं. मग एका रात्री भाकरी थापताना (पीठ घरून आणलेलं, इथं ज्वारी नाही मिळत आम्हाला) डोक्यात आलं, अरे आपल्यातही तो-ती-ते आहेच की! आणि शब्दाचं शेपूट बदलणं, आईला, आईनं, आईचा, हे तर आपण रोजच करतो.

उदाहरण बघा. इंग्रजीत "मी पसंत करते" अशा वळणानं बोलतात, रशियनमधे "म्न्ये न्रावित्सा", सरळ आपलं "मला आवडतं". थंडी वाजली तर "म्न्ये खोलदना", मला थंडी वाजते. वय सांगायचं तरी "मला इतकी वर्षं". अजून एक, आपण "टेबल बघते" म्हणतो पण "भावाला बघते" म्हणतो, सजीव आला की ला लागतो. रशियनमधे पुल्लिंगी शब्दाला अगदी हेच होतं, टेबल जसाच्या तसा राहतो आणि "ब्रात" चा "ब्राता" होतो. आमच्या बाईंनी हा नियम दोन तास समजावला होता, मराठीत धरला आणि दोन मिनिटात बसला. "वाचत होते" आणि "वाचून काढलं" यातला फरकसुद्धा असाच, एकाच कामाला तिथं दोन क्रियापदं असतात, काम चालू होतं का पुरं झालं त्यावरून निवडायचं.

भूतकाळात "मी" म्हणताना बोलणाऱ्याचं लिंग येतं, इथं नवरा-बायकोनी जपून. आमची शिकवणारी बाई, घरी सराव माझ्यासोबत, म्हणून हे सगळीकडं "या पश्ला" म्हणायला लागले, म्हणजे "मी गेले". पुरुषानं "या पशोल" म्हणायचं. मी ह्यांना एवढंच विचारलं की जालन्यात कुणाला "मी आले" म्हणाल का, त्या दिवसापासून चूक झाली नाही. तर पुरुषाला एखादा पुरुष बोलायला शोधा, बाईला बाई, शेजारचे आजी-आजोबा सगळ्यात चांगले, त्यांच्याकडं वेळ असतो आणि ते हळू बोलतात.

सगळं मराठीसारखं नाही हेही सांगते. "जाणे" ला पायी वेगळं, गाडीनं वेगळं क्रियापद आहे, ते घोटावंच लागतं. आकड्याप्रमाणं नाम बदलतं, अदीन सोम, द्वा सोमा, प्यात सोमव (सोम म्हणजे इथला पैसा). आणि जोर कुठल्या अक्षरावर येईल ते शब्दासोबतच पाठ करा, कारण जोर नसलेला ओ हा अ होतो, लिहितात मोलोको आणि म्हणतात मलाको, म्हणजे दूध.

सारखे शब्द तर घरचेच वाटतात. बाजार म्हणजे बझार, चहाला चाय, साखरेला साखर, पेटीला सुंदूक. पण दिवाण म्हणजे तिथं सोफा, आणि "अर्बूझ" मागितलं तर खरबूज नाही, टरबूज हातात येतं!

आता सगळ्यात मोठी अडचण, जिच्याबद्दल कुणीच आधी सांगितलं नव्हतं. जोडप्यात एकाला भाषा लवकर येते. आमच्यात मला आली. मग दुकानात मी बोलायची, घरमालकिणीशी मी, फोन मी, आणि हे मागं पिशवी धरून उभे. सहा महिन्यात ह्यांचं बोलणंच बंद झालं, उपासनेतही गप्प, घरी आलं की चिडचिड. मला वाटायचं मी मदत करते, खरं तर मी ह्यांची जीभ काढून घेतली होती. ह्यांनी एका रात्री ते बोलून दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही खूप रडलो.

मग आम्ही कामं वाटून घेतली, तुम्ही पहिल्या आठवड्यापासूनच वाटा. मंगळवार-शनिवार ओश बाजार एकट्या ह्यांचा, अंडी (इथं डझन नाही, दहाच्या हिशोबानं देतात), कोथिंबीर, गरम लेप्योश्का (इथली गोल रोटी). कोथिंबीर "किन्झा" म्हणून मागा, नाहीतर शेपू देतील. दवाखाना माझा, वीज-पाण्याचं बिल ह्यांचं. सोबत गेलो तरी ज्याचं काम त्यानंच बोलायचं, अडला तर मनात दहापर्यंत मोजायचं, मगच मदत. आणि चूक बाहेर चारचौघात सुधारायची नाही, घरी आल्यावर.

दवाखान्यात गेल्यावर रांग दिसणार नाही, बायका इकडं तिकडं बसलेल्या असतात. दारातून "क्तो पस्लेद्नी?" विचारा, शेवटचं कोण. एकजण "या", म्हणजे "मी", म्हणेल, तिचं तोंड लक्षात ठेवा, तिच्या मागं तुमचा नंबर. मी पहिल्यांदा न विचारता सरळ आत गेले होते आणि बाहेर आल्यावर एका आजीनं चांगलंच सुनावलं, मला त्यातलं निम्मंच कळलं पण तिचं बरोबर होतं. मार्श्रुत्का म्हणजे आपली काळीपिवळी समजा, उतरायचं तर मोठ्यानं "अस्तानवीत्ये, पझालस्ता" म्हणा, लाजलात तर दोन स्टॉप पुढं जाल.

मोठ्या माणसाला "वी" म्हणजे तुम्ही, "ती" म्हणजे तू फक्त घरच्यांना आणि लेकरांना. वडिलधाऱ्या रशियन माणसाला नाव आणि त्याच्या बापाचं नाव जोडून हाक मारतात, आपण नावापुढं वडलांचं नाव लावतोच, त्यामुळं पहिल्याच भेटीत दोन्ही विचारून वहीत लिहा. कुणाच्या घरी फुलं नेली तर विषम संख्येत न्या, सम संख्या मयतीला. किर्गिझ शेजाऱ्याला "रहमत", म्हणजे धन्यवाद, म्हणा, एवढ्या एका शब्दानं माणूस हसतो.

रोजचं वाचन मराठी आणि रशियन बायबल शेजारी ठेवून करा, ओळ माहीत असते म्हणून शब्द आपोआप उघडतात. फक्त स्तोत्रांचे नंबर जपा. रशियन सिनोडल भाषांतरात, जे १८७६ साली पूर्ण छापलं गेलं, आपलं २३ वं स्तोत्र २२ वं आहे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" काढायला सांगून ह्यांनी मंडळीत २३ म्हटलं आणि सगळे दुसरंच उघडून बसले, शेवटी एका ताईनं पान दाखवलं. प्रार्थनेत मात्र अडचण नाही, देवाला तिथंही "ती", म्हणजे तूच म्हणतात. ह्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली ती चार वाक्यांची होती, दोन विभक्त्या चुकल्या, आणि मी मनात दहापर्यंत मोजत गप्प बसले.