ट्रान्सपाँडरची पल्स पॉवर मोजताना या चुका टाळा

विमानातला ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारच्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारे यंत्र, 1090 मेगाहर्ट्झवर 0.45 मायक्रोसेकंदाच्या पल्सची (क्षणिक रेडिओ स्पंदांची) रांग पाठवतो. पॉवरचे रीडिंग पटत नसेल तर ती मोजणारा सेन्सर दुरुस्तीला धाडण्याची घाई करू नका. दोष बहुधा सेटिंगमध्ये निघतो. आकडा किती चुकला, यावरूनच तो सहसा सापडतो.

कोड बदलला की पॉवर बदलते

कोड म्हणजे वैमानिकाने लावलेला चार आकडी ओळख क्रमांक. 0000 कोडच्या उत्तरात एफ-1 आणि एफ-2 या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चौकट-पल्स एवढ्या दोनच पल्स असतात, 7777 मध्ये 14. म्हणजे सातपट. कोड बदलल्यावर रीडिंग साधारण 8.5 डेसिबलने वाढले, तर तुम्ही सरासरी पॉवर मोजत आहात. सरासरीला ड्यूटी सायकलने (एकूण वेळेपैकी पल्स चालू असण्याच्या वाट्याने) भागण्याची युक्ती एकसारख्या चौकोनी पल्सला चालते, इथे नाही. पल्सची पॉवर थेट मोजणारा पीक सेन्सरच हवा. त्यावर ड्यूटी सायकलची जुनी दुरुस्ती चालू राहिली असेल तर बंद करा. तिथे 1 टक्का भरलेला असेल तर आकडा 20 डेसिबलने फुगतो.

अ‍ॅटेन्युएटर निवडताना

ट्रान्सपाँडरची पॉवर 250 वॉट धरली तर ती 54 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). सेन्सरच्या आधी सिग्नल क्षीण करणाऱ्या 30 डेसिबलच्या अ‍ॅटेन्युएटरनंतर 24 डीबीएम उरतात आणि +20 डीबीएम मर्यादेच्या सेन्सरला ते जड जाते. 40 डेसिबल घ्या, 14 डीबीएम येतील. सेकंदाला 1200 उत्तरे आणि 7777 कोड असेल तर सरासरी 1.9 वॉट होते, तेव्हा 2 वॉटच्या अ‍ॅटेन्युएटरवर विसंबू नका. निदान 5 वॉटचा लावा. त्याची पीक मर्यादाही तपासा, ती वेगळी दिलेली असते.

पल्स स्क्रीनवर नाचतात

ट्रिगर (स्क्रीनवरचा ट्रेस सुरू करणारा इशारा) रांगेतल्या कुठल्याही पल्सवर बसतो, म्हणून हे होते. उपाय होल्डऑफ, म्हणजे एका ट्रिगरनंतर पुढचा काही काळ रोखून धरणे. एफ-2 ही एफ-1 नंतर 20.3 मायक्रोसेकंदांनी येते आणि ओळख पल्स 24.65 वर, म्हणून मोड ए (कोड सांगणारे उत्तर) आणि सी (उंची सांगणारे) यांसाठी 30 मायक्रोसेकंद ठेवा. मोड एसचे (प्रत्येक विमानाला वेगळे विचारण्याच्या पद्धतीचे) लांब उत्तर 120 मायक्रोसेकंद चालते. तिथे 130 लागतील.

ट्रान्सपाँडरला प्रश्न पाठवणाऱ्या टेस्ट सेटचा प्रश्न-ट्रिगर बाहेरून जोडण्याचा मोह होतो. पण उत्तर दरवेळी 0.1 मायक्रोसेकंदापर्यंत मागेपुढे सरकू शकते. अशा ट्रेसची सरासरी घेतली की कडा पसरते आणि राइज टाइम (पल्स चढायला लागणारा वेळ) वाढलेला दिसतो. एफ-1 च्याच चढत्या कडेवर अंतर्गत ट्रिगर लावा, थोडा प्री-ट्रिगर (ट्रिगरआधीचा भाग) ठेवा आणि सरासरी त्यानंतरच चालू करा.

रुंदी आणि राइज टाइम

या पल्सची रुंदी व्होल्टेजच्या 50 टक्क्यांवर मोजायची असते. पॉवरच्या भाषेत ते 25 टक्के, म्हणजे माथ्याखाली 6 डेसिबल. सेन्सर पॉवरच्या 50 टक्क्यांवर मोजत असेल तर चांगली पल्सही अरुंद भासते. राइज टाइमचे 10 ते 90 टक्के व्होल्टेजही पॉवरमध्ये 1 ते 81 टक्के होतात. मेनूत व्होल्ट की वॉट, ते आधी पाहा.

व्हिडिओ बँडविड्थही (सेन्सर पॉवरमधले बदल किती वेगाने टिपतो ते) अपुरी पडते. 5 मेगाहर्ट्झच्या सेन्सरचा स्वतःचा राइज टाइम सुमारे 70 नॅनोसेकंद, त्यामुळे 60 ची कडा 92 दिसते. 30 मेगाहर्ट्झवर तीच 61 येते. ट्रेस गुळगुळीत दिसावा म्हणून बँडविड्थ कमी करू नका.

पॉवर वाचताना पीक आकडा धरू नका. त्यात ओव्हरशूट आणि नॉइज दोन्ही येतात. गेट, म्हणजे मोजणीची वेळ-खिडकी, अर्ध्या उंचीच्या बिंदूपासून 120 नॅनोसेकंदांनी सुरू करून 200 नॅनोसेकंद लांब ठेवा, आणि एफ-1 ते एफ-2 प्रत्येक पल्सवर तो सरकवून पाहा. मोड ए आणि सी च्या एका उत्तरातल्या पल्समध्ये 1 डेसिबलहून जास्त फरक नको.

बाकीचे

सेन्सर अर्धा तास तापू द्या, मग ट्रान्सपाँडर स्टँडबायवर ठेवून सेन्सर झिरो करा. फ्रिक्वेन्सी 1090 मेगाहर्ट्झ भरा. अनेक सेन्सर सुरू होताना 50 धरतात. ऑफसेटमध्ये (रीडिंगमध्ये मिळवायच्या आकड्यात) अ‍ॅटेन्युएटरवर छापलेला नव्हे, 1090 ला मोजलेला लॉस टाका, केबलसह. चिन्ह उलटे गेले तर 54 ऐवजी उणे 26 डीबीएम दिसतील.

एवढे करून उरतो मिसमॅच, म्हणजे जोडावरून सिग्नल परावर्तित झाल्याने येणारी चूक. ट्रान्सपाँडरचा व्हीएसडब्ल्यूआर (परावर्तनाचे माप, आदर्श 1) 1.5 आणि अ‍ॅटेन्युएटरचा 1.2 असेल तर ±0.16 डेसिबल, म्हणजे 250 वॉटमागे साधारण 9 वॉट इकडेतिकडे. कनेक्टर जोडताना फक्त नट फिरवा, सेन्सर नाही.