कॉलेजची ऑनलाइन चेस टुर्नामेंट घ्यायचीय? लिचेसवर अशी घ्या

दर सेमला कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या ग्रुपवर पोस्टर फिरतं, धडाधड नावं येतात, आणि स्पर्धा सुरू होऊन अर्धा तास होत नाही तोवर निम्मी पोरं गायब. कारण बहुतेक वेळा एकच असतं, सगळं ठरवताना जिंकू शकणाऱ्या दोन-तीन जणांचाच विचार केलेला असतो. ज्याला घोडा अडीच घरं चालतो एवढंच नीट येतं पण मनापासून खेळायचंय, त्याचा विचार कुणी करत नाही. माझं स्पष्ट मत आहे की स्पर्धा त्याच्यासाठी बसवा, जो जिंकायचा तो तसाही जिंकतोच.

साइट लिचेस घ्या. पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, जिमखान्याकडे बजेट मागायला जावं लागत नाही.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णय, अरीना की स्विस. अरीनात वेळ ठरलेली असते, समजा दीड तास, आणि एक गेम संपला की लगेच दुसरा. जिंकलात की 2 पॉइंट, ड्रॉला 1, सलग दोन जिंकले की पुढचे पॉइंट डबल होतात, आणि बर्सर्क दाबून स्वतःचा वेळ निम्मा करून जिंकलात तर वर एक एक्स्ट्रा. मजा येते, मी नाही म्हणत नाही, फ्रेशर्स वीकला किंवा दोन होस्टेलमध्ये टीम बॅटल लावायची तर अरीनाच लावा. पण कॉलेज चॅम्पियन ठरवायचा असेल तर नको, कारण भराभर गेम संपवणारा वर जातो आणि विचार करून खेळणारा खाली राहतो. स्विसमध्ये राउंड ठरलेले असतात, कुणी बाद होत नाही, साधारण सारखे पॉइंट असलेल्यांची जोडी लागते, त्यामुळे पहिले दोन हरलेल्यालाही तिसऱ्या राउंडला त्याच्या तोडीचा खेळाडू मिळतो आणि तो टिकून राहतो. 32 जणांपर्यंत 5 राउंड, 64 पर्यंत 6, एवढं लक्षात ठेवलं की झालं. शिवाय तिथे 30 चाली व्हायच्या आत ड्रॉ करता येत नाही, म्हणजे दोन मित्रांनी आपसात ठरवून अर्धा-अर्धा पॉइंट घ्यायचा प्रकार बराच कमी होतो.

टाइम कंट्रोलला इन्क्रिमेंट, म्हणजे दर चालीला मिळणारे जादा सेकंद, हवाच हवा. 5+3, म्हणजे प्रत्येकाला 5 मिनिटं आणि दर चालीला 3 सेकंद, ठेवलं तर 60 चालींचा गेम जास्तीत जास्त सोळा मिनिटं चालतो, म्हणजे सहा राउंड साधारण पावणेदोन तासात आटोपतात. 10+5 ला तोच गेम अर्ध्या तासापर्यंत जातो, सहा राउंडचे तीन तास, मग ते दोन संध्याकाळी तीन-तीन करून घ्या, राउंडची वेळ आपण स्वतः ठरवायची सोय तिथे आहे. नवीन पोरं जास्त असतील तर मी 10+5 च घेईन, भले दोन दिवस लागोत. नुसतं 3+0 अजिबात नको, वजीर एक्स्ट्रा असून घड्याळावर हरलेलं पोरगं परत नाव देत नाही. आणि वेळ मेस बघून ठरवा हो, जेवण नऊपर्यंत असेल तर सव्वानऊला सुरू करा.

स्विस फक्त टीमच्या आत बनवता येते, म्हणून आधी कॉलेजच्या नावाने टीम काढायची, एन्ट्री कोड लावायचा आणि रिक्वेस्ट स्वतः बघून अप्रूव्ह करायच्या. गूगल फॉर्ममध्ये नाव, वर्ष, पीआरएन (विद्यार्थ्याचा नोंदणी नंबर) आणि लिचेसचं युजरनेम घ्या, कोड फॉर्म भरल्यावरच द्या, म्हणजे बाहेरचा कुणी घुसत नाही. अकाउंट आठवडाभर आधी काढायला सांगा आणि थोडे रेटेड गेम, म्हणजे ज्यांवरून साइट खेळाडूची ताकद मोजते ते, खेळायला लावा. नवीन अकाउंट 1500 रेटिंगवर सुरू होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह असतं, आकडा अजून पक्का नाही ह्याची खूण, म्हणजे काल खेळ शिकलेला मुलगा आणि जिल्हा पातळीवर खेळलेली मुलगी कागदावर एकाच जागी, मग पहिल्या राउंडच्या जोड्या विचित्र लागतात. फोनवर खेळणाऱ्यांना ब्राउझरमधून साइट उघडायला सांगा आणि दोन दिवस आधी दोन राउंडची खोटी स्पर्धा घ्याच, निम्म्या अडचणी तिथेच कळतात.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर मोठ्या अक्षरात टाका. एखादा राउंडला आलाच नाही तर त्याचं घड्याळ चालत राहतं, तो हरतो आणि सिस्टीम त्याला स्पर्धेतून बाहेर काढते, पण तो परत जॉइन दाबून पुढचे राउंड खेळू शकतो. हे माहीत नसल्यामुळे नेट गेलेली कितीतरी पोरं आपण बाद झालो समजून झोपून जातात.

नेटचा नियम आधीच लिहून ठेवा. 2020 च्या ऑनलाइन चेस ऑलिम्पियाडच्या, म्हणजे देशांच्या टीमच्या स्पर्धेच्या, फायनलला भारत-रशिया सामन्यात भारताचे निहाल सरिन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, जी पुढे 2025 ला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, दोघांचं कनेक्शन ऐन गेममध्ये तुटलं आणि दोघंही घड्याळातला वेळ संपून हरले. टीमचा कॅप्टन नाशिकचा विदित गुजराथी होता. भारताने अपील केलं, इंटरनेटचा तो घोळ जगभर झालेला होता, आणि शेवटी फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, दोन्ही देशांना सुवर्ण दिलं. तिथे हे होतं तर होस्टेलच्या वायफायचं काय घेऊन बसलात. नियम साधा ठेवा, एकाचं नेट गेलं तर गेम गेला, साइटच बसली तर तो दिवस रद्द आणि नवीन तारीख. स्वतःचा हॉटस्पॉट तयार ठेवायला सांगा.

आता इंजिन, म्हणजे चाली सुचवणारं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर, चोरून वापरणारे. ह्यावर जीव तोडून सांगतोय, कारण एक चीटर निघाला की पुढच्या वेळी प्रामाणिक पोरंच येत नाहीत. तीन जणांची कमिटी करा, त्यात न खेळणारा एक तरी आणि स्पोर्ट्सचे सर किंवा मॅडम, आणि त्यांचा निर्णय अंतिम हे फॉर्ममध्येच लिहा. शंका आली तर गेमचं कॉम्प्युटर अॅनालिसिस लावा आणि अॅक्युरसीच्या (चाली कॉम्प्युटरच्या चालींच्या किती जवळ आहेत त्या) आकड्यावर थांबू नका, सोपा गेम असेल तर साधा खेळाडूही 95 टक्के काढतो. प्रत्येक चालीला लागलेला वेळ बघा. समोरच्याने हत्ती मारला, आपल्याला तो परत मारायचाच आहे, दुसरी चालच नाही, तिथे माणूस एका सेकंदात खेळतो, आणि अवघड पोझिशनला मिनिटभर अडकतो. ज्याला दोन्हीकडे सहा-सात सेकंदच लागतात आणि हे चार-पाच गेममध्ये सलग दिसतं, त्याला कमिटीने एकट्याला बोलवून विचारायचं, तू ही चाल का खेळलास, पुढे काय बघितलं होतंस. ग्रुपवर नाव घेऊन आरोप कधीच करू नका, कारण एखादी पोरगी खरंच चांगली खेळलेली असते आणि तिच्यावर उगाच डाग बसतो. शेवटच्या दोन राउंडला वरच्या आठ जणांना गूगल मीटवर घ्या, दुसरा फोन बाजूला असा ठेवायचा की स्क्रीन आणि हात दोन्ही दिसतील.

जमत असेल तर त्याहून चांगला उपाय म्हणजे ऑनलाइन फक्त क्वालिफायर ठेवा आणि वरच्या चौघांची फायनल शनिवारी जिमखान्यात, बोर्डावर, घड्याळ लावून. एआययूच्या (भारतीय विद्यापीठांच्या संघटनेच्या) इंटर-युनिव्हर्सिटी स्पर्धा समोरासमोरच होतात, त्यामुळे टीम निवडणाऱ्या सरांनाही त्या फायनलचा उपयोग होतो.

बक्षिसं लगेच जाहीर करू नका, एक दिवस जाऊ द्या, गेम तपासून होऊ द्या. पहिल्या तिघांशिवाय एक बक्षीस पहिल्यांदाच स्पर्धा खेळणाऱ्यांमधल्या बेस्टला आणि एक सगळ्यात मोठ्या उलटफेराला ठेवा, पुस्तक किंवा कॅन्टीनचं कूपन पुरतं. सगळे गेम डाउनलोड करून ग्रुपवर टाका, आणि त्याच मेसेजमध्ये पुढच्या स्पर्धेची तारीख द्या, सबमिशन आणि परीक्षेचे आठवडे सोडून.