शेजाऱ्यांवरचे किस्से गोळा करताना

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी शेजाऱ्यांवरचे, म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या आणि प्रांतांतल्या लोकांवरचे किस्से हवे असतील, तर सकाळी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जाऊन उभे राहा. कोल्हापूरचा गूळ पूर्वापार गुजरातला जातो. त्यामुळे तिथल्या खरेदीदारांच्या घासाघिशीचे किस्से अडत्यांच्या तोंडावर असतात. पुणेकरांच्या ‘जेवूनच आला असाल’वर वेळ घालवू नका, तो घरबसल्या मिळतो.

किस्सा जसाच्या तसा लिहा. ‘व्हय की’चं ‘होय’ करू नका. मग विचारा, ‘काका, तो समोर बसला असता तर हे सांगितलं असतं का?’ एका अडत्यानं लगेच ऐकवलं, ‘त्याच्या म्होरंच सांगतो की! त्यो माझ्या तिखटाची टर उडवतो, मी त्याच्या गोड डाळीची.’ हे उत्तर किस्स्याच्या शेजारीच लिहायचं. उत्तर टाळलं गेलं, तर तेही लिहायचं.

यानंतर कारण शोधा. खरा अभ्यास इथंच आहे. मी विद्यार्थ्यांना लिथुआनियाचं उदाहरण देते. तिथं सुवाल्किया भागातला माणूस कंजूष समजला जातो. त्या भागात भूदासपद्धत (शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी रीत) १८०७ मध्ये, नेपोलियनच्या काळात गेली. उरलेल्या बहुतेक देशात ती १८६१ पर्यंत टिकली. जमीनही सुपीक. शेतकरी आधी मोकळा झाला, हातात पैसा खेळू लागला आणि त्याचा हिशेबीपणा इतरांच्या डोळ्यांवर आला, असं मला वाटतं. तिथल्या लोककथांत सैतान बऱ्याचदा कोट-टोपीतला जर्मन होऊन येतो आणि साधा शेतकरी त्याला फसवतो. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईपर्यंत ट्युटॉनिक सरदारांशी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांशी, किती काळ झुंज चालली होती, हे ठाऊक असलं की ती कथा वेगळी वाचता येते.

एक नोंद मात्र कधीच गाळू नका: किस्सा ज्यांच्यावर आहे, ती माणसं आज तिथं राहतात का? उझगावेनेस या हिवाळा संपवणाऱ्या सणात लिथुआनियात ज्यू आणि रोमा (युरोपातल्या पूर्वी भटक्या असलेल्या जमातीच्या) लोकांचे मुखवटे घालायची रीत आहे. नाझी ताब्याच्या काळात तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त ज्यूंची हत्या झाली, त्यात स्थानिक माणसांचाही हात होता. पूर्वी मुखवट्याकडे बघून हसणारा किंवा चिडणारा ज्यू शेजारी गावातच असे. आता उलट बोलायला तो नाही. अशा किस्स्याला वहीत वेगळं पान द्या आणि वर्गात वाचण्याआधी ही हकिकत सांगा.

वही जमा करण्यापूर्वी निपाणीच्या, कोकणातल्या, गुजरातच्या एकेका माणसाला त्याच्यावरचे किस्से वाचून दाखवा. तो कोल्हापूरकरांवर जे सांगेल, तेही त्याच वहीत उतरवून घ्या.