दुसरा अपस्ट्रीम जोडताना मी कुठे चुकलो

बीजीपी, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे कोणती वाट जाते हे वेगवेगळ्या नेटवर्कांचे राउटर एकमेकांना सांगतात ती पद्धत, शिकायला घेणाऱ्याला मी आधी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या कॉन्फिगमधली ‘नेटवर्क’ ही ओळ नक्की काय करते? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: आपण बाहेर कोणते पत्ते सांगायचे ते ती ठरवते. तीन वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिलं असतं. ते अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानं एका जूनच्या दुपारी कणकवलीपासून मालवणपर्यंतच्या आमच्या सगळ्या ग्राहकांचं इंटरनेट बंद पाडलं.

आमचा आयएसपी (इंटरनेट पुरवठादार) छोटा. घरं, लॉज, काजूचे कारखाने, दोन-चार पतसंस्था. अपस्ट्रीम, म्हणजे आम्हाला इंटरनेट देणारा वरचा पुरवठादार, एकच होता आणि बाहेरची लिंकही एकच, फोंडा घाटातून कोल्हापूरकडे जाणारी. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा झाड पडलं की केबल गेलीच. म्हणून हायवेच्या बाजूनं गोव्याकडून दुसरी लिंक घ्यायचं ठरलं. आयआरआयएनएनकडून, म्हणजे भारतातले आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून, स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवरची आपल्या नेटवर्कची ओळख) आणि एक /२४, म्हणजे २५६ पत्त्यांचा गट, मिळवला. त्याहून लहान तुकडा बाहेर सहसा कुणी स्वीकारत नाही, त्यामुळे /२४ ही आमच्यासारख्यांची पहिली पायरी. माझ्याकडे सीसीएनए हे सिस्कोचं प्रमाणपत्र होतं, ओएसपीएफ हाताखालचं होतं. पण सीसीएनएच्या अभ्यासक्रमात बीजीपीचं कॉन्फिगरेशन नसतं, ते पुढच्या एन्कोर परीक्षेत येतं. हे ठाऊक असूनही मी ‘राउटिंग म्हणजे राउटिंग’ या भरवशावर कामाला बसलो. ओएसपीएफ आपल्याच घरातल्या राउटरांमध्ये चालतो, तिथे सगळे एकमेकांवर विश्वास ठेवतात. बीजीपी परक्यांशी बोलतो. हा फरक मला पाठ होता, पण समजलेला नव्हता.

सेशन, म्हणजे दोन राउटरांमधली बीजीपीची जोडणी, उभं करण्यावर मी फार लिहीत नाही, ते तुम्हाला जमेल. समोरचा आयपी, त्याचा रिमोट-एएस, टीसीपी पोर्ट १७९ अडलेलं नाही ना ते बघा. स्टेट ‘अॅक्टिव्ह’ दिसली म्हणून आनंदू नका. अॅक्टिव्ह म्हणजे राउटर अजून जोडणीच्या प्रयत्नात आहे, ‘एस्टॅब्लिश्ड’ झालं की जमलं. सिस्कोवर ‘नेटवर्क’ ओळीतला पत्ता आणि मास्क राउटिंग टेबलात जसाच्या तसा असावा लागतो, नाहीतर तो बाहेर जातच नाही. म्हणून आपल्या /२४ चा एक स्टॅटिक राउट नल झिरोकडे (आलेलं फेकून देणाऱ्या नावापुरत्या इंटरफेसकडे) टाकून ठेवतात. इथे सगळेच एकदा अडकतात आणि तासाभरात सुटतात. यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं ते पुढे आहे. खालचे आकडे उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी आहेत, ते कुणाचे खरे नाहीत. समजा आमचा एएस ६४५००, कोल्हापूरकडचा अपस्ट्रीम ६४४९६, गोव्याकडचा ६४५११, आणि आमचा पत्ता २०३.०.११३.०/२४. मी दोन्ही नेबर (समोरचे राउटर) लिहिले आणि ‘नेटवर्क २०३.०.११३.०’ ची ओळ टाकली. दोघांकडून पूर्ण टेबल घेतलं, म्हणजे सगळ्या इंटरनेटच्या वाटा: नऊ लाखांहून जास्त आयपीव्ही४ राउट. दोन्ही सेशन एस्टॅब्लिश्ड झाली. माझ्या मनात हिशेब सरळ होता: ओळ एकच लिहिली आहे, तेव्हा बाहेर जाणार ते एकच.

पंधरा-वीस मिनिटांत फोन सुरू झाले. पिंग कधी लागायचा, कधी नाही. मी आधी फायबरची पॉवर बघितली, मग राउटरचा सीपीयू, मग गोव्याकडच्या लिंकवर एरर आहेत का ते. सगळं ठीक. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर होती आणि मला तिचा अर्थ कळत नव्हता: दोन्ही लिंकांचा अपलोड डाउनलोडइतकाच वर गेला होता. आमच्यासारख्याकडे लोक व्हिडिओ बघतात, डाउनलोड नेहमी कितीतरी पट जास्त असतो. इथे एक जीबीपीएसची लिंक दोन्ही बाजूंनी भरलेली. एका लिंकवरून जे आत येत होतं, तेच दुसऱ्या लिंकवरून बाहेर पडत होतं. आमच्या ग्राहकांचा डेटा त्यात नावालाच उरला होता.

मला त्या वेळी वाट दाखवली ती माझ्याआधी ते काम बघणाऱ्या दादांनी. त्यांनी नोकरी सोडून गावी बागायत धरली होती. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले: ‘तू तेंका काय काय सांगतंस, ता बघलंस?’ मी बघितलं नव्हतं. ‘शो आयपी बीजीपी नेबर्स’, पुढे गोव्याकडचा आयपी, शेवटी ‘अॅडव्हर्टाइज्ड-राउट्स’. एक ओळ दिसायला हवी होती, आणि स्क्रीन संपता संपेना.

झालं काय ते नीट समजून घ्या, मीही सावकाश सांगतो. ‘नेटवर्क’ ओळीचा अर्थ ‘हा पत्ता माझ्यापासून सुरू होतो, तो बीजीपीत घाल’ इतकाच आहे. ‘हाच पत्ता सांग, बाकी गप्प राहा’ असं ती कुठेही म्हणत नाही. बीजीपीचा मूळ स्वभाव असा, की एका बाहेरच्या शेजाऱ्याकडून शिकलेला सर्वोत्तम राउट तो दुसऱ्या बाहेरच्या शेजाऱ्याला सांगतो. वाहतूक पुढे नेण्यासाठीच तो बनला आहे. मी कोल्हापूरकडून ऐकलेलं जग गोव्याकडच्याला सांगितलं, आणि उलटही. आता गोव्याकडचा अपस्ट्रीम मला ग्राहक मानतो. ग्राहकाकडून आलेल्या राउटला सहसा जास्त लोकल प्रेफरन्स (पसंतीचा आकडा) दिलेला असतो, कारण ग्राहकाच्या वाहतुकीचे पैसे मिळतात. लोकल प्रेफरन्स एएस पाथच्या (वाटेतल्या एएसच्या यादीच्या) लांबीच्याही आधी तपासला जातो. म्हणजे माझ्याकडून जाणारी वाट लांबची, अरुंद, घाटातली असली तरी त्याच्या राउटरला तीच पसंत. त्यांच्या बाजूला माझे राउट गाळणारी यादीही नव्हती आणि मॅक्सिमम-प्रीफिक्सची, म्हणजे जास्तीत जास्त किती राउट घ्यायचे त्याची, मर्यादाही नव्हती. त्यांची कितीतरी वाहतूक कणकवलीतल्या आमच्या एका खोलीतून फोंडा घाट चढू लागली.

हायवेवर कुणी पाटी लावावी, ‘कोल्हापूरला इकडून’, आणि बाण आपल्या खळ्याकडे दाखवावा, तसं ते होतं. एसटी, ट्रक, सगळे आपल्या तुळशीसमोरून जायला लागतात आणि घरातल्या माणसालाच बाहेर पडायला जागा उरत नाही. पाटी मी लावली होती.

याला राउट लीक म्हणतात. आरएफसी ७९०८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २०१६ साली त्याचे प्रकार मांडले आहेत, आणि त्यातला पहिलाच प्रकार माझा आहे: दोन अपस्ट्रीम असलेल्यानं एकाचे राउट दुसऱ्याला देणं. २४ जून २०१९ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दोन ठिकाणी जोडलेल्या एका धातू कंपनीनं एका प्रोव्हायडरचे राउट व्हेरायझन या दुसऱ्या प्रोव्हायडरला दिले, व्हेरायझननं ते गाळले नाहीत, आणि क्लाउडफ्लेअरसकट अनेकांच्या सेवा अडखळल्या. आम्ही लहान म्हणून आमच्या चुकीनं कुणाचं काय बिघडणार, असं कुणी म्हणालं तर ही तारीख सांगा. आणि ‘आम्ही आरपीकेआयचा आरओए केला आहे’ यावरही निर्धास्त होऊ नका. आरओए ही डिजिटल सही केलेली नोंद; एखादा पत्ता मुळात कोणत्या एएसचा आहे तेवढंच तिच्यावरून तपासता येतं. लीकमध्ये मूळ एएस खराच असतो, मधली वाट चुकीची असते. आरओए जरूर करा, पण हे दुखणं त्यानं बरं होत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे, म्हणूनच जास्त हळहळ वाटते. आपल्या /२४ लाच परवानगी देणारी प्रीफिक्स-लिस्ट करायची आणि ती प्रत्येक अपस्ट्रीमला ‘आउट’ दिशेनं लावायची. यादीच्या शेवटी बाकी सगळ्याला नकार आपोआप असतो. पण सिस्को आयओएसवर नेबरला लावलेल्या यादीचं नाव चुकलं, अगदी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडला, तर ती यादी अस्तित्वात नाही असं धरून राउटर सगळंच जाऊ देतो. फिल्टर लावल्यासारखं दिसतं आणि फिल्टर नसतो. म्हणून आधी यादी, मग नेबर शटडाउन अवस्थेत, मग त्याला यादी, आणि सगळ्यात शेवटी ‘नो शटडाउन’. हा क्रम बदलू नका. लगेच अॅडव्हर्टाइज्ड-राउट्स बघा आणि ओळी मोजा. चालू सेशनवर यादी बदलली तर ‘क्लिअर’ करताना ‘सॉफ्ट आउट’ लिहा. नुसत्या ‘क्लिअर’नं सेशन तुटतं आणि नऊ लाख राउट पुन्हा यायची वाट बघत बसावं लागतं. येणाऱ्या बाजूलाही गाळणी हवी: स्वतःचाच पत्ता, खासगी पत्ते आत घेऊ नका, आणि मॅक्सिमम-प्रीफिक्स लावा.

२०१७ च्या आरएफसी ८२१२ नं सांगितलं, की पॉलिसी (गाळणीचे नियम) नसेल तर बाहेरच्या शेजाऱ्याला काही देऊ नये, त्याचं काही घेऊही नये. सिस्कोचा आयओएस एक्सआर तसंच वागतो, एफआरआर या मोफत राउटिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्याही. जुना आयओएस वागत नाही, आणि आपल्या भागात सेकंडहँड घेतलेले राउटर बरेचसे जुनेच असतात. आपला राउटर कोणत्या जातीचा आहे हे पहिल्या दिवशी माहीत करून घ्या.

टेलिग्रामवर फिरणारी तयार कॉन्फिग उचलू नका, असं मी हात जोडून सांगतो. ती ज्याची असते त्याचा एकच अपस्ट्रीम असू शकतो, आणि एका अपस्ट्रीमवर फिल्टर नसला तरी ही चूक दिसत नाही. दुसरा जोडला की दिसते. परीक्षेच्या डंपबद्दलही (फुटलेल्या प्रश्नोत्तरांच्या संचांबद्दल) माझं मत वाईट आहे: त्यात पर्याय ओळखता येतो, परिणाम नाही. आणि जो सीनियर तुमच्या हातून कीबोर्ड ओढून स्वतः टाइप करतो, तो प्रेमळ असला तरी त्याच्याकडून शिकायला मिळत नाही. एंटर दाबण्याआधी ‘आता काय होईल, बोल’ असं विचारणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

असा कुणी नसेल तरी अडत नाही. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एफआरआरचे तीन राउटर आरामात चालतात. मधला तुम्ही, ६४५००. दोन्ही बाजूंना ६४४९६ आणि ६४५११, प्रत्येकाला एकेक पत्ता सांगायला लावा. एफआरआरमध्ये ‘बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी’ मुद्दाम बंद करा, म्हणजे तो जुन्या राउटरसारखा वागेल. मग ६४५११ च्या टेबलात ६४४९६ चा पत्ता शोधा. एएस पाथमध्ये ‘६४५०० ६४४९६’ दिसेल. तुमचा नंबर मधे बसलेला दिसणं हीच लीक. यादी लावा, ती ओळ जाताना बघा. नावात मुद्दाम चूक करा आणि काय होतं तेही बघा, कारण प्रत्येक राउटर नसलेल्या यादीचा अर्थ सारखाच लावत नाही. एका रविवारचं काम आहे. माझ्या आयुष्यातली ती दुपार या रविवारात टळली असती.

एक शेवटचं राहिलं. त्या दिवशी गोव्याकडच्यांना सेशन बंद करायला सांगावं असं मला सुचलं, तेव्हा त्यांच्या एनओसीचा (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षाचा) नंबर ईमेलमध्ये होता आणि ईमेल आमच्याच लिंकवरून उघडायचा होता. बाहेर पाऊस, लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. शेवटी मी त्यांचा नेबर माझ्या बाजूनं शट केला. ते आधीच करता येत होतं, पण गोंधळात दिसलं नाही. आता दोन्ही एनओसींचे नंबर, सर्किट आयडी आणि ‘नेबर शटडाउन’ची पूर्ण ओळ जाड मार्करनं कागदावर लिहून, प्लास्टिक चढवून रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे. आमच्याकडच्या दमट हवेत नुसता कागद एक पावसाळाही टिकत नाही.