फ्रेम मोजा, मग कामाला लागा: कॉलेजात अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ शिकताना

अ‍ॅनिमेशन आणि डिजिटल व्हिडिओ शिकणारे विद्यार्थी बहुतेक वेळा अडतात ते हिशेबात. कल्पना चांगली असते, हातही बरा चालत असतो. पण सत्र संपायला तीन आठवडे उरले की लक्षात येते, फिल्म अर्धीच झाली आहे आणि रेंडरचे, म्हणजे संगणकाने अंतिम चित्रे तयार करण्याचे, तास कुणी धरलेच नव्हते. म्हणून कोणतेही काम हाती घेताना ते किती फ्रेमचे, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या किती स्थिर चित्रांचे आहे, हे सगळ्यात आधी कागदावर लिहा.

समजा, फिल्म ४० सेकंदांची आहे आणि वेग सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे ९६० फ्रेम झाल्या. हाताने काढताना एकेक चित्र दोन फ्रेम धरले, ज्याला ‘टूज’वर काम करणे म्हणतात, तरी एका पात्राची ४८० चित्रे होतात. थ्रीडीत एका फ्रेमला ६ मिनिटे लागत असतील तर नुसत्या रेंडरला ९६ तास, म्हणजे एका मशीनचे अखंड चार दिवस. त्यातही काही चुकले नाही तर. शिकणाऱ्याच्या हातून पात्राचे नीट अ‍ॅनिमेशन आठवड्याला ३ ते ५ सेकंद होते असे धरा. ४० सेकंदांना ८ ते १३ आठवडे गेले, आणि त्यात कथा, मॉडेल, रिग (पात्र हलवण्याचा सांगाडा), ध्वनी अजून आलेलेच नाहीत. पहिल्या वर्षाची फिल्म ३० ते ४० सेकंद, एक पात्र, एक जागा आणि शक्यतो संवादाविना ठेवा. तीन मिनिटांच्या अर्धवट फिल्मपेक्षा तीस सेकंदांची पूर्ण फिल्म जास्त शिकवते. रंग, ध्वनी, शेवटचे एक्सपोर्ट या टप्प्यांवर होणाऱ्या चुका कळायला तिथपर्यंत पोचावे लागते.

फ्रेम रेट पहिल्याच दिवशी ठरवा आणि गटातल्या सगळ्यांना लेखी कळवा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची नवी फाइल २४ फ्रेम वेगाने आणि २५० फ्रेम लांबीने उघडते. एडिटिंगची टाइमलाइन मात्र कुणीतरी २५ वर ठेवलेली असते. तेव्हा तुमच्या ९६० फ्रेम ३८.४ सेकंदांतच संपतात, आणि शेवटाकडे येईपर्यंत चित्र आवाजाच्या दीड सेकंद पुढे गेलेले असते. हा दोष नंतर शॉट कापून झाकता येतो, पण नीट दुरुस्त करणे जिकिरीचे होते.

चेंडू, आणि मग चाल

उसळणारा चेंडू हा पहिला सराव सगळीकडे देतात आणि बरेच जण तो तासाभरात उरकतात. त्याला दोन आठवडे द्या. वजन, वेग, अंतर, आकार बदलणे हे सगळे त्यात आहे, आणि चेहरा, हात, कपडे यांच्याआड चूक लपवायला जागा नाही.

खरे आकडे घेऊन सुरुवात करा. १ मीटरवरून सोडलेली वस्तू साधारण ०.४५ सेकंदात जमिनीवर येते, म्हणजे २४च्या वेगाला ११ फ्रेम. ४ मीटरवरून पडायला २२ फ्रेम लागतात. उंची चौपट झाली की वेळ दुप्पट. त्यामुळे इमारतीएवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू ११ फ्रेममध्ये खाली आणली की ती खेळण्याएवढी दिसते. चांगला उसळणारा चेंडू १ मीटरवरून टाकला तर पहिले पडणे ११ फ्रेम, पुढची उसळी ९ वर आणि ९ खाली, मग ७ आणि ७, मग ५ किंवा ६. दर उसळीला वेळ त्याच प्रमाणात घटला पाहिजे. लोखंडी गोळ्याला दुसरी उसळी जेमतेम ३ फ्रेमची द्या; त्याचे वजन उसळी लवकर मरण्यातूनच दिसते.

इथली नेहमीची चूक ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल वक्र रेषेने दाखवणाऱ्या खिडकीत, सापडते. सॉफ्टवेअर प्रत्येक कीफ्रेमजवळ (तुम्ही स्वतः जागा ठरवलेल्या फ्रेमजवळ) वक्र आपोआप गुळगुळीत करते, त्यामुळे चेंडू जमिनीला टेकायच्या आधी ब्रेक लावल्यासारखा हळू होतो आणि पाण्यात असल्यासारखा तरंगतो. उंचीच्या वक्रात जमिनीवरचा बिंदू इंग्रजी ‘व्ही’सारखा टोकदार करा, वरचा बिंदू गोल राहू द्या. पुढे सरकण्याचा वक्र मात्र जवळपास सरळ रेषा हवी. चेंडू चपटा करायचा तो जमिनीला टेकलेल्या फ्रेमपुरता. त्याचे आकारमान जपा: टूडीत उंची ०.८ केली तर रुंदी १.२५ करा, थ्रीडीत उरलेल्या दोन्ही दिशा सुमारे १.१२. हे विसरले की चेंडू आकसल्यासारखा वाटतो.

चालीसाठी २४ फ्रेमचे चक्र घ्या, म्हणजे १२ फ्रेमला एक पाऊल. फ्रेम १ ला टाच टेकते, ४ ला शरीर सर्वांत खाली, ७ ला एक पाय दुसऱ्याला ओलांडतो, १० ला शरीर सर्वांत वर, १३ ला पहिल्याच पोझचे उलटे रूप. २५वी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच. म्हणून कीफ्रेम २५वर ठेवा, पण चक्र २४वर संपवा. दोन्ही फ्रेम वाजल्या तर दर फेरीला एक सूक्ष्म अडखळ दिसते आणि तिचे कारण शोधण्यात दिवस जातो.

चालीतली दुसरी दोन दुखणी अशी. पाय जमिनीवरून घसरताना दिसत असेल तर टेकलेल्या पायाचा मागे जाण्याचा वक्र तपासा. तेवढ्या फ्रेममध्ये त्याचा वेग एकसारखाच हवा. गुडघा मध्येच टचकन झटका देत असेल तर पाय पूर्ण ताणला गेला आहे. पायाशी खटपट करू नका, कंबर किंचित खाली घ्या, झटका जातो.

टूजवर काम करताना कॅमेरा आडवा सरकत असेल तर त्या शॉटपुरते एकेका फ्रेमचे चित्र करा. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते आणि पात्र दर दोन फ्रेमला, त्यामुळे पात्र थरथरते. ओठांच्या हालचालीसाठी एक छोटा नियम पुरतो: प, ब, भ, म या वर्णांना ओठ किमान दोन फ्रेम मिटलेले दिसू द्या आणि तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणा.

अ‍ॅनिमॅटिक

स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉटवार काढलेल्या कथेची, चित्रे एडिटिंगमध्ये घालून, तात्पुरत्या आवाजासह, खऱ्या लांबीने लावली की अ‍ॅनिमॅटिक होते. काडीच्या माणसांची चित्रे चालतील, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलेला चालेल. हे केल्याशिवाय एकही शॉट अ‍ॅनिमेट करायला घेऊ नका. अ‍ॅनिमॅटिकमध्ये शॉट काढून टाकायला दहा सेकंद लागतात. अ‍ॅनिमेशन झाल्यावर काढताना आठवडाभराचे काम आणि मन दोन्ही मोडते. हा अ‍ॅनिमॅटिक कथा न ऐकलेल्या तिघांना दाखवा आणि काय घडले ते त्यांनाच सांगायला सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. ते जिथे गोंधळतील तिथे शॉट तरी कमी आहे किंवा क्रम चुकला आहे. मंजूर झालेला अ‍ॅनिमॅटिक टाइमलाइनवर तसाच ठेवा आणि तयार होणारा प्रत्येक शॉट त्याच्या वरच्या ट्रॅकवर टाकत जा. फिल्म रोज पूर्ण लांबीची दिसते, आणि किती उरले ते विचारावे लागत नाही.

कॅमेरा हातात आल्यावर

सगळे ऑटो बंद करा. ऑटो एक्सपोजरमुळे शॉट चालू असताना उजेड खालीवर होतो, ऑटो व्हाइट बॅलन्समुळे एकाच दृश्याचे दोन शॉट दोन रंगांचे येतात. शटरचा वेग (एका फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते) फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवा: २५ फ्रेमला १/५० सेकंद. त्याहून बरेच वेगवान शटर ठेवले की हालचाल तुटक दिसते. बाहेर उन्हात १/५० वर चित्र पांढरे पडते. तेव्हा शटर वाढवू नका, लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावा. एनडी ८ उजेड तीन स्टॉपने कमी करतो, म्हणजे एक-अष्टमांशावर आणतो. कृत्रिम दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल तर विजेची वारंवारता बघा. ५० हर्ट्झ असेल तर १/५० किंवा १/१००, ६० असेल तर १/६० किंवा १/१२०.

‘अ‍ॅक्शन’च्या आधी ५ सेकंद रेकॉर्डिंग सुरू करा आणि ‘कट’नंतर ५ सेकंद चालू ठेवा. एडिटच्या वेळी याच सेकंदांवर डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरे येणे) आणि श्वास घेण्याची जागा मिळते. दोन माणसे बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेषा कल्पा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर कट केल्यावर दोघे एकाच दिशेला बघताना दिसतात.

मोबाइलचे फुटेज वापरणार असाल तर एक खबरदारी आवश्यक आहे. बरेच फोन उजेडानुसार फ्रेम रेट बदलत राहतात, आणि एडिटिंगमध्ये आवाज हळूहळू सरकतो. ते फुटेज आधी स्थिर फ्रेम रेटच्या फाइलमध्ये बदलून घ्या, मगच कापायला बसा.

आवाजाकडे चित्राइतकेच लक्ष द्या, खरे तर थोडे जास्त. जरा हललेले चित्र प्रेक्षक सहन करतो, न कळणारा संवाद करत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि बोलण्याची सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला धडकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. माइक कॅमेऱ्यावर ठेवण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या जवळ, चित्राच्या चौकटीच्या अगदी काठावर आणा. वेगळा रेकॉर्डर असेल तर प्रत्येक टेकला एक टाळी वाजवा, चित्र आणि आवाज जुळवायला. प्रत्येक जागेचा ३० सेकंद नुसता शांत आवाज घ्या. दोन वाक्यांमधला कट झाकायला तोच लागतो; पूर्ण नि:शब्द भोक लगेच कानाला टोचते.

फाइली

सर्वाधिक अश्रू इथेच गळतात. सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलेले फुटेज तासाला ४५ गिगाबाइट होते. शूटिंगला निघण्याआधी कार्ड आणि डिस्कचा हिशेब त्यावरून करा. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात, आणि एक दुसऱ्या जागी. आपोआप जुळवून घेणारे क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप असे समजू नका. एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते. लॅबमधल्या संगणकाची डिस्क कधीही साफ होईल असे धरूनच चाला. दोन प्रती उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

फाइलच्या नावात इंग्रजी लहान अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोअर, एवढेच. क्रम असा: प्रकल्प, शॉट क्रमांक, कामाचा प्रकार, आवृत्ती. शॉटना १०, २०, ३० असे क्रमांक द्या, मध्ये नवा शॉट आला तर १५ मोकळा असतो. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरू नका. थ्रीडीत टेक्श्चरचे (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचे) मार्ग सापेक्ष, म्हणजे मूळ फाइलच्या जागेपासून धरलेले, ठेवा; नाहीतर दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की टेक्श्चर हरवतात, ब्लेंडरमध्ये सगळे गुलाबी दिसते. मोठे फुटेज एडिटमध्ये अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजच्या हलक्या प्रती, बनवा. एच.२६४ या पद्धतीने दाबलेली फाइल आकाराने लहान असली तरी प्रत्येक फ्रेम मागच्यापुढच्या फ्रेमवरून उलगडावी लागते, म्हणून संगणक दमतो.

रेंडर

थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नका, चित्रमालिकेत करा, म्हणजे दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल. ७०० व्या फ्रेमला मशीन बंद पडले तर मालिकेत ७०० पासून पुढे जाता येते; व्हिडिओ फाइल बहुधा उघडतच नाही. आकाशासारख्या मंद रंगछटांत पट्टे दिसत असतील तर ८ बिट अपुरे पडत आहेत, १६ बिट पीएनजी किंवा ईएक्सआर घ्या. पूर्ण रेंडर सुरू करण्याआधी निम्म्या मापात (१९२० × १०८० असेल तर ९६० × ५४०) सगळा शॉट काढून बघा. पिक्सेल पावपट होतात म्हणून वेळही बराच वाचतो. हरवलेली वस्तू, भिंतीत घुसलेला हात, विसरलेला दिवा यात दिसतो. पूर्ण मापात तीन वेगवेगळ्या फ्रेम काढा आणि सर्वांत जास्त वेळ घेणारीवरून एकूण तास मोजा, सरासरीवरून नको. नॉइज (चित्रातले बारीक ठिपके) घालवणारे साधन एकेका फ्रेमवर छान दिसते आणि हलताना पृष्ठभाग बुडबुडल्यासारखा करते, म्हणून किमान २४ सलग फ्रेम चालवून पाहा. कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे चित्रांचे थर एकत्र जोडताना, पात्राभोवती काळी किनार आली तर अल्फा (पारदर्शकतेची माहिती) चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे. आयात करताना स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाइड यांतला पर्याय बदला.

काम दाखवणे

शिक्षकांना काम ब्लॉकिंगलाच दाखवा, म्हणजे फक्त मुख्य पोझ एकापुढे एक उड्या मारत असतील तेव्हा. वक्र गुळगुळीत झाल्यावर पोझ बदलायची म्हटली की पाच पट काम वाढते आणि मनही बदलायला तयार नसते. ‘कसे वाटते?’ असे विचारले तर ‘छान’ हेच उत्तर येते. ‘उडीच्या आधी वजन कोणत्या पायावर वाटते?’ असे विचारा. आलेली सूचना फ्रेम क्रमांकासह लिहा: ‘फ्रेम ४२ ते ५०, खांदा उशिरा हलतो.’

शोरील, म्हणजे निवडक कामाची छोटी फिल्म, ६० सेकंदांच्या आत बसवा. सर्वांत चांगला शॉट पहिला. कमकुवत शॉट लांबी वाढवायला घालू नका. पाहणारा तुमचा दर्जा त्याच शॉटवरून धरतो. गटाच्या कामात तुम्ही नेमके काय केले ते त्या शॉटवरच लिहा: रिग, अ‍ॅनिमेशन की प्रकाशयोजना. आवाज बंद करून एकदा आणि मोबाइलच्या पडद्यावर एकदा पाहा. लिहिलेली अक्षरे तिथे वाचता आली पाहिजेत. आणि रीलमधल्या प्रत्येक शॉटची मूळ फाइल हाताशी असू द्या, कारण मुलाखतीत ती उघडून दाखवायला सांगू शकतात.