आवाजाचा त्रास होणाऱ्यांसाठी जॅझ कसं निवडायचं

‘कानांना त्रास होतो ना, मग काहीतरी शांत लाव,’ असं मला इतक्या जणांनी सांगितलंय की आता मी नुसती मान डोलावते. मला स्वतःला तीव्र आवाज सोसत नाहीत, आणि माझा भाचा स्वमग्न आहे. तरी आम्ही दोघं जॅझ ऐकतो, भरपूर ऐकतो. एक गोष्ट पक्की कळली आहे: संथ आणि हळू वाजणारं जॅझ आपोआप सोसवतं, असं नाही. आधी बघायचं ते दचकायला कुठे होतं, आणि कोणता आवाज नेमका टोचतो.

उदाहरणार्थ, ‘काइंड ऑफ ब्लू’ हा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा अल्बम. नवख्या माणसाला सगळे हाच सुचवतात. त्यातली पहिलीच रचना ‘सो व्हॉट’. पियानो आणि डबल बास (खर्जातलं मोठं, उभं तंतुवाद्य) इतके दबक्या आवाजात सुरू होतात की आपला हात आपसूक आवाज वाढवायला जातो. मग ठेका लागतो, सगळं छान चाललेलं असतं, आणि दीडेक मिनिटाने माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट सुटा वाजू लागतो त्याच क्षणी ड्रमर जिमी कॉब सिंबलवर, म्हणजे ड्रम्सच्या झांजेवर, खणखणीत टोला देतो. मला ती जागा फार आवडते. भाच्याला आधी सांगितलं, की ‘आता येईल हं,’ तर त्यालाही चालते. न सांगता लावलं तर दोन्ही हात कानांवर.

म्हणून कोणतीही रचना दुसऱ्याला ऐकवण्याआधी शेवटपर्यंत स्वतः ऐका, आणि आवाज सुरुवातीला नव्हे तर त्यातल्या सर्वांत मोठ्या जागी बेतून ठेवा. डबल बासच्या सोलोला, म्हणजे तो एकटा पुढे येऊन वाजतो तेव्हा, विशेष जपा. त्या वेळी बाकीचे जवळजवळ गप्प होतात, आपण ऐकू यावं म्हणून आवाज वाढवतो, आणि पुढच्या क्षणी अख्खा ताफा परत येतो.

वाद्यांकडे वळू. माणसाचा कान साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि ट्रम्पेटची धार, सिंबलची चरचर बरीचशी तिथेच येते. ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावला म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका. हार्मन नावाच्या म्यूटने आवाज लहान होतो, पण पातळ आणि धातूसारखा. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल टोचत राहावं तसा तो मला टोचतो.

सुरुवातीला ड्रम्स नसलेल्या जोड्या सर्वांत सोप्या. बिल एव्हान्सचा पियानो आणि जिम हॉलची गिटार यांचा ‘अंडरकरंट’ (1962) घ्या, मात्र पहिली रचना सोडून. ती चांगलीच धावते. ‘स्केटिंग इन सेंट्रल पार्क’पासून सुरू करा. दुसरा ‘बियॉन्ड द मिझुरी स्काय’ (1997), त्यात मुख्यतः पॅट मेथेनीची गिटार आणि चार्ली हेडनचा डबल बास. हेडनला स्वतःला टिनिटस आणि हायपरअक्युसिस होता, म्हणजे कानात सतत आवाज आणि साधे आवाजही असह्य. मंचावर ड्रम्सचा मारा अडवायला तो मध्ये पारदर्शक पडदा उभा करत असे. एवढ्या मोठ्या वादकाला पडदा चालतो, तर श्रोत्याने इअरप्लग लावायला कशाला लाजायचं? फक्त ते दिवसभर घालून बसू नका. कायम झाकलेले कान आणखी हळवे होऊ शकतात. ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे श्रवणतज्ज्ञाशी, बोललेलं बरं.

आता बारीक आवाज. हा भाग लोक विसरतात. बेन वेबस्टरचा सॅक्सोफोन संथ रचनेत मखमली लागतो खरा, पण स्वराच्या शेवटी नुसती हवा सुटल्याचा ‘फूऽऽ’ ऐकू येतो. ज्याला कुणाच्या श्वासाचा किंवा खाण्याचा आवाज सहन होत नाही, त्याला हे असह्य होईल. कीथ जॅरेटच्या ‘कोल्न कॉन्सर्ट’मध्ये (1975) फक्त पियानो आहे, कागदावर एकदम सुरक्षित, पण जॅरेट वाजवता वाजवता कण्हतो, गुणगुणतो. ड्रम्सवर ब्रश फिरवल्याची सळसळ मला झोप आणते आणि भाच्याला उठून जायला लावते. तेव्हा ऐकणाऱ्याला रोजचे कोणते आवाज नकोसे होतात ते आधी विचारा आणि त्यावरून वाद्य ठरवा.

मैफलीतली ध्वनिमुद्रणं नंतरसाठी ठेवा. बिल एव्हान्सच्या त्रयीने जून 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वाजवलेलं संगीत अप्रतिम आहे, पण मागे ग्लास किणकिणतात, लोक बोलतात, टाळ्या मध्येच येतात.

याउलट काही गजबजलेल्या रचना मस्त चालतात. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीची ‘टेक फाइव्ह’ भाच्याची लाडकी. पाच मात्रांचा पियानोचा तोच तुकडा फिरत राहतो, अगदी जो मोरेलोच्या ड्रम सोलोखालीसुद्धा तो सुटत नाही. धरायला काहीतरी असलं की वरची आतषबाजी सोसते. रचनेचा आराखडाही आधी सांगून ठेवावा: मुखडा, मग एकेकाचे सोलो, मग परत मुखडा. कधी कधी शेवटच्या मुखड्याआधी ड्रम्सशी चार-चार मात्रागटांचे सवाल-जवाब होतात. तिथे मी बोट वर करते, म्हणजे त्याला कळतं.

राहिली यंत्रं. जुन्या स्टिरिओ मुद्रणांत कधी कधी ड्रम्स सगळे एकाच कानात येतात आणि हेडफोनवर डोकं उठतं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच येईल. इक्वलायझरमध्ये ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज, थोडा उतरवा. शफल आणि ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर ‘अंडरकरंट’ संपताच एखादा बिग बँड, म्हणजे पितळी वाद्यांचा मोठा ताफा, अंगावर येतो. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तास, तीही 75 डेसिबलपर्यंतच; हळव्या कानांना त्याहून बरंच कमी पुरतं. आणि बंद करायचं बटण ऐकणाऱ्याच्याच हातात द्या. भाच्याकडे रिमोट गेल्यापासून तो पूर्वीपेक्षा जास्त रचना शेवटपर्यंत ऐकतो.